सीलबंद दुर्बीण

"पिशवीत काय आहे, मेस्त्री?"

मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, मुद्दाम त्यांच्या वाटेत. बाबल मेस्त्री बाहेर पडायच्या बेतात होते आणि त्यांच्या हातात एक छोटी कापडी पिशवी होती, तोंडाशी नाडी आवळलेली. दर शुक्रवारी ही पिशवी दुर्बिणीच्या पेटीतून बाहेर निघते आणि सोमवारी परत येते, हे मी तीन आठवडे बघत होते. तोपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आधी नीट बघायचं आणि मग बोलायचं, ही माझी पद्धत.

"काय नाय, बाई. पुड्यो आसत."

"कसल्या पुड्या?"

त्यांनी नाडी सोडली आणि पिशवी माझ्या ओंजळीत उपडी केली. बोटाच्या पेराएवढ्या कागदी पुड्या, पन्नास-साठ तरी असतील. आत साबुदाण्यासारखे दाणे हाताला लागत होते. काही पुड्यांवर इंग्रजीत छापलं होतं की खाऊ नये. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली.

"पाणी पितत ती," मेस्त्री म्हणाले. "हवेतला पाणी. पोट भरला काय घरी न्हेतंय आणि तव्यार भाजतंय. मगे परत पिऊक लागतत."

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. दाणे पाणी पितात आणि भाजले की त्यांना पुन्हा तहान लागते, असं कुणी मला सांगावं आणि मी मान डोलवावी, इतकी मी भोळी नाही. म्हातारा आपली चेष्टा करतोय असंच मला वाटलं. बोर्डाची परीक्षा आठवड्यावर आली होती, केंद्र आमच्या शाळेत होतं आणि केंद्रसंचालक मी होते. अशा वेळी कसलं तरी रसायन शाळेत येता-जाता कामा नये, असं सांगून मी त्या पुड्या काढून घेतल्या, एका पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख टाकली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या. मेस्त्रींनी रिकामी पिशवी तेवढी घडी करून खिशात घातली आणि गेले.

मी जन्माची संशयी, हे आधीच कबूल करते. भाजीवालीनं 'ताजी आहे हो बाई' म्हटलं की मी देठ मोडून बघते. आमचे हे म्हणायचे, तू देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधशील. पण त्यालाही कारण होतं. आधीच्या शाळेत परीक्षेच्या वेळी एका प्रश्नपत्रिकेच्या गठ्ठ्याची पट्टी फाटलेली निघाली होती, आणि नुसत्या तेवढ्यावरून माझ्या एका मैत्रिणीची वर्षभर चौकशी चालली. ती बिचारी त्यात खंगली. तेव्हापासून जी वस्तू माझ्या सहीनं माझ्या ताब्यात आहे, तिच्याजवळ मी वाऱ्यालाही फिरकू द्यायची नाही. दुधानं तोंड पोळलं होतं, मी ताक फुंकून पीत होते.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. विज्ञानाचे सर बदलून गेले होते, नवे आले नव्हते, म्हणून प्रयोगशाळेतलं सगळं सामान परुळेकर सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, माझ्या नावावर केलं. त्यात ही दुर्बीण होती. बाबल मेस्त्री तीस वर्षं मुंबईत चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होते. गावी परत आल्यावर या माणसानं काय करावं, तर आपल्या खळ्यात एक रिकामं पिंप उभं केलं, त्यावर जाड काच बसवली आणि तिच्यावर दुसरी काच ठेवून पिंपाभोवती फेऱ्या मारत सात महिने घासली. ताटलीएवढा आरसा तयार झाला. मुंबईला पाठवून त्यावर चकाकी चढवून आणली. चार फुटांची नळी केली, फणसाच्या लाकडाची पेटी केली, आतून बनातीचं जाड लोकरी अस्तर लावलं, आणि सगळं शाळेला देऊन टाकलं. फुकट. आता फुकट दिलेल्या वस्तूचा मला आधी संशय येतो, मग आनंद होतो.

त्यातून देऊन टाकली म्हणावं, तर त्यांचा जीव तिच्यातून निघत नव्हता. रोज दुपारी तीनला यायचे. पेटी उघडायचे, नळीची दोन्ही झाकणं काढायचे, नळीचं तोंड जमिनीकडे करून ती बाकावर तिरकी टेकवून ठेवायचे आणि अर्धा तास शेजारी नुसते बसून राहायचे. पेटी ज्या कपाटात असायची त्यात एक झिरोचा बल्ब लावून ठेवला होता, तो दिवसरात्र जळायचा. मी विचारलं तर म्हणाले, उबेसाठी. दुर्बिणीला कसली आलीय ऊब? मला ती आगीला निमंत्रण वाटली, म्हणून मी बल्बही काढायला लावला.

आणि एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. समुद्राच्या अंगाला नवीन रिसॉर्ट झालं होतं. त्याच्या मागच्या दाराशी, मॅनेजरशी बोलताना, मेस्त्री मला दोनदा दिसले. दोन्ही वेळा हातात तीच पिशवी. मग मी मनाशी हिशेब मांडला. रिसॉर्टला पर्यटकांसाठी दुर्बीण हवी असणार. उत्साहाच्या भरात म्हाताऱ्यानं शाळेला दिली, आता पस्तावलाय, आणि एकेक भाग करून तिकडे नेतोय. उद्या चांगला आरसा काढून तिथं दुसरा हलका बसवला, तर आमच्या शाळेत कळणार कुणाला? मी हे परुळेकर सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, बाई, काहीतरीच काय? पण म्हणताना त्यांनीही कपाटाकडे एकदा बघितलं.

खरं तर मेस्त्रींना काय हवं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजवा जायच्या वाटेवर. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी वर्षभर मुदत दिली होती. आणि त्या आठ जूनला शुक्र सूर्याच्या बिंबावरून जाणार होता, भर दिवसा, पावणेअकरा ते संध्याकाळी पाच. सव्वाशे वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. ते मेस्त्रींना त्यांनी स्वतः घासलेल्या आरशातून बघायचं होतं. मी एकदा म्हटलं, हुकलं तर पुढच्या वेळी बघा. ते हसले.

"पुढचो बारा सालाक. तवा कदाचित मी आसतलंय, बाई. पण ह्यो डोळो नसतलो."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ज्याला इतकं हवं असतं तोच माणूस घेऊन जातो, हेही मी आयुष्यात बघितलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुरू चांगला दिसतो म्हणून मेस्त्रींनी शाळेच्या पटांगणावर मुलांसाठी दुर्बीण लावली. संध्याकाळी साडेसातपासून रांग. समुद्र तिथून अर्धा मैल, वारा पडलेला, हवा नुसती घट्ट. मुलं गुरूचे चंद्र मोजत होती आणि मेस्त्री दर पाच मिनिटांनी नळीवर तळवा ठेवून बघत होते. नळीच्या तोंडाला त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची गुंडाळी लावली होती, दव आत उतरू नये म्हणून. तरी साडेआठला सगळी नळी ओलीचिंब झाली, गवतसुद्धा पायाला ओलं लागायला लागलं. मेस्त्रींनी मुलांना आता पुरे म्हणून सांगितलं आणि आम्ही दुर्बीण आत आणली.

प्रयोगशाळेत मी, सर आणि मेस्त्री असे तिघंच. मी झाकणं लावायला घेतली तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. यापूर्वी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"आज झाकू नकात, बाई. ओली आसा ती. रातभर उघडीच ऱ्हवांदे, तोंड खाली करून. सकाळी मी येतंय, वाळली काय झाकतंय."

रात्रभर उघडी, आणि सकाळी हे एकटे येणार. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परवापासून परीक्षा सुरू, मग महिनाभर बाहेरच्या माणसाला आवारात पाऊल टाकायची बंदी. म्हणजे काय करायचं ते यांना आजउद्याच करायला हवं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं?

मी म्हटलं, ओली आहे तर पुसून ठेवते. ते म्हणाले, पुसायचं नसतं, आरशाला चरे पडतात.

"तिका वारो लागाक व्हयो. दुसरा काय नको."

"वारा परीक्षेनंतर लागेल," मी म्हटलं.

मी झाकणं घट्ट बसवली. नळी पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं, कडी घातली. मग ऑफिसातून परीक्षेचं सामान आणलं. लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का, कागदाच्या पट्ट्या. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला करतात तसं सगळं रीतसर. दोन पट्ट्या फटीवरून आडव्या चिकटवल्या, दोन उभ्या. प्रत्येकीवर माझी सही, सरांची सही, तारीख, वेळ आठ वाजून पन्नास मिनिटं. लाख वितळवताना मेणबत्ती धरायला कुणीतरी हवं होतं. सर चष्मा पुसत होते. मेस्त्रींनी धरली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

"माझ्या पेटीत वारो जायत नाय, बाई," मी शिक्का दाबत असताना ते म्हणाले. "मी तशीच केलंय ती. म्हणान सांगतंय."

मला वाटलं, आपल्या कारागिरीची बढाई मारतायत.

परीक्षा पार पडली, कसलंही विघ्न न येता. मी रोज सकाळी आधी प्रश्नपत्रिकांचं कपाट बघायची आणि मग पेटीचं सील. शाबूत. मला त्या लाखेच्या चकत्या बघून काय समाधान वाटायचं म्हणून सांगू! माझं नाव, माझी सही, आणि मध्ये कुणी नाही.

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये मेस्त्री आले. पेटी थोडा वेळ उघडू दे म्हणाले. मी म्हटलं, आता निकालाची कामं चालू आहेत. आठ दिवसांनी परत आले. मी म्हटलं, वार्षिक तपासणी व्हायची आहे, तोवर सील मोडता येणार नाही. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ते सरांकडे गेले. सर म्हणाले, बाईंच्या ताब्यात आहे, त्या म्हणतील ते. मग ते येऊन प्रयोगशाळेच्या बाहेर व्हरांड्यात बसायला लागले. तीन ते साडेतीन, नेहमीची वेळ. काही मागायचे नाहीत, नुसते बसायचे. मला त्याचाही राग यायचा. गावाला दाखवायला बसतात, म्हणजे लोकांनी मला नावं ठेवावीत.

मे महिन्यात ते शेवटचे आले तेव्हा व्हरांड्याची पायरी चढताना त्यांचा पाय हवेत पडला. पायरी जिथं होती तिथं त्यांना दिसली नाही. खांब धरला म्हणून पडले नाहीत. खिडकीतून मी ते बघितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? नाटक. मला दया यावी म्हणून नाटक. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण आला होता तो विचार, लपवू कशाला?

"बाई, पंधरा मिंटां," ते खिडकीशी येऊन म्हणाले. "तुमच्या समोर. तुम्ही उघडा, तुम्हीच बंद करा. मी हातसुदीक लावचंय नाय."

"आठ जूनला सगळ्यांसमोर उघडू," मी म्हटलं. "तुमचीच दुर्बीण आहे. पळून जात नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं बघितलं, आणि मान हलवून निघून गेले.

आठ जूनला सकाळी ढग होते. शाळा उघडायला अजून आठवडा होता, तरी चाळीसेक मुलं आणि अर्धं गाव पटांगणावर जमलं. साडेदहाला ढग पांगले आणि कडकडीत ऊन पडलं. रिसॉर्टचा मॅनेजर स्वतः मोठ्या दोन छत्र्या घेऊन आला होता. त्याला बघून मी मनात म्हटलं, आला, बरोबर आला.

पेटी चौघांनी उचलून पटांगणात आणली. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पेटी तीन महिन्यांपूर्वी सीलबंद केली होती, कुणालाही बघायचं असेल त्यानं पट्ट्या बघाव्यात. सरांनी वाकून बघितल्या. मॅनेजरनंही बघितल्या. चारही पट्ट्या जशाच्या तशा, लाखेला तडासुद्धा नाही. मी मेस्त्रींकडे नजर टाकली. ते पाच पावलं लांब, छत्रीच्या सावलीत स्टुलावर बसले होते, पांढरा धुतलेला शर्ट घालून. मी पट्ट्या कापल्या आणि झाकण उचललं.

आधी वास आला. पावसाळ्यात ओलं गोणपाट आठ दिवस कोपऱ्यात पडावं आणि मग कुणी उचलावं, तसा. मला त्याचा अर्थ कळला नाही. मेस्त्री मात्र स्टुलावरून उठले. त्यांना काही दिसण्याआधी कळलं होतं.

नळीची झाकणं मी काढली. तळाशी आरसा होता. मी तो फेब्रुवारीत पाहिला होता तेव्हा त्यात माझा चेहरा इतका मोठा आणि स्वच्छ दिसला होता की मी दचकून मागे झाले होते. आता त्यावर पांढरे ठिपके होते, आणि ठिपक्यांपासून बारीक धागे निघून सगळीकडे पसरले होते, माजघरातल्या कोळिष्टकासारखे. मधे मधे चकाकी खाल्ली जाऊन नुसती काच उघडी पडली होती. बनातीला हात लावला तर ती दमट लागली, जूनच्या उन्हातसुद्धा.

"हे काय झालं?" परुळेकर सर म्हणाले.

मेस्त्री जवळ आले. चेहरा आरशाच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी बघितलं, मग बोटाच्या टोकानं कडेला स्पर्श केला.

"दंव आत ऱ्हवला," ते म्हणाले. "बुरशी धरल्यान्."

आत राहिलं. कुणी ठेवलं, ते बोलले नाहीत. सरांनी पट्ट्या पुन्हा हातात घेतल्या, माझी सही बघितली, त्यांची स्वतःची बघितली, आणि सुटकेच्या स्वरात म्हणाले, "सील तर शाबूत आहे. म्हणजे बाईंकडून काही हयगय झालेली नाही." नंतर त्यांनी तसं लेखीसुद्धा दिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

रिसॉर्टचा मॅनेजर हळहळला. मला म्हणाला, काका एवढी काळजी घ्यायचे हो, आमच्याकडे नवीन टीव्ही, एसी आले की खोक्यातल्या त्या दमट न होऊ देणाऱ्या पुड्या गोळा करून न्यायला यायचे, एकही टाकू द्यायचे नाहीत. मी हूं म्हटलं. माझ्या टेबलाच्या खणात त्या साठ पुड्या तारीख घातलेल्या पाकिटात पडल्या होत्या. हवेतलं पाणी पिणारे दाणे मी कोंडून ठेवले होते, दवानं भिजलेली दुर्बीण मी कोंडून ठेवली होती, आणि मधे येणाऱ्या माणसाला व्हरांड्यात बसवलं होतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या पटांगणावर कळलं.

सरांनी विचारलं, कार्यक्रम रद्द करायचा का? अकरा वाजून गेले होते, शुक्र बिंबावर आलेला असणार. मेस्त्री म्हणाले, "पोरां इलीत. बघूया किती दिसता ता."

सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघायचं नसतं. भिंगातून बाहेर पडणारं बिंब एका खोक्यातल्या कोऱ्या कागदावर घ्यायचं आणि खोक्यावर काळं कापड टाकून आत डोकं घालून बघायचं, असं मेस्त्रींनी ठरवलं होतं. स्क्रू फिरवायला आता त्यांची बोटं नेमकी जागा शोधू शकत नव्हती. ते सांगत गेले आणि मी फिरवत गेले. जरा डावीकडे, आता खालचा, आता थोडा सैल. अर्धा तास गेला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला सोसलं असतं.

शेवटी कागदावर बशीएवढं बिंब पडलं. उजळ, लख्ख असं नव्हेच. दुधात बुडवून काढल्यासारखं गढूळ. मी डोळे ताणून बघितलं तेव्हा खालच्या उजव्या कडेला एक करडा ठिपका दिसला, मिरीच्या दाण्याएवढा. काळाभोर दिसायला हवा होता. पण होता.

मुलं एकेक करून कापडात डोकं घालून बघून गेली. सगळ्यांना दिसला, कुणाला लगेच, कुणाला बोट दाखवल्यावर. बायाबापड्यांना दिसला, मॅनेजरला दिसला, सरांना तिसऱ्या वेळी दिसला. मेस्त्री म्हणत होते, मी मागसून बघतंय, आधी पोरांनी बघूंदे. दिवाळीच्या सुमाराला त्यांचा तो डोळाही गेला, पण ते पुढचं. त्या दिवशी अजून थोडी नजर होती. आरसा नितळ असता तर काळा ठिपका त्यांना दिसला असता, हे मी डॉक्टर नसले तरी छातीवर हात ठेवून सांगते.

दीडच्या सुमाराला ते म्हणाले, बाई, आता मी. मी त्यांचा हात धरून खोक्याशी नेलं आणि त्यांच्याबरोबर कापडात शिरले, बिंब कागदावरून सरकलं तर नळी हलवायला. आत अंधार, उकाडा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ते दुधट बिंब. त्यांनी चेहरा कागदाजवळ नेला. मागे घेतला. मान कलती केली. पुन्हा जवळ नेला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर मुलं गोंगाट करत होती.

"दिसलो," ते म्हणाले.

आणि माझी जन्माची खोड. मी विचारून गेले, "कुठे?"

त्यांनी बोट पुढे केलं आणि बिंबाच्या वरच्या डाव्या अंगाला टेकवलं. "ह्यो बघा, हंय. बारीकसो आसा."

तिथं काही नव्हतं. नुसता पांढरा कागद. खरा ठिपका खाली उजवीकडे होता, त्यांच्या बोटापासून चार अंगुळं लांब, आणि मला तो तेवढ्या अंधारातसुद्धा दिसत होता. तीन महिने मी या माणसाला खोटं बोलताना पकडायला टपून बसले होते. पुडीत, पिशवीत, पायरीवर. आता पकडलं होतं. त्यांचं बोट कागदावर तसंच होतं, मी काय म्हणते याची वाट बघत.

"हो," मी म्हटलं. "तिथंच आहे."

आम्ही कापडातून बाहेर आलो. उन्हानं माझे डोळे दिपले, मला क्षणभर कुणाचे चेहरे दिसेनात. पण गर्दी गप्प झाली होती, कारण सगळ्यांना तेवढंच ऐकायचं होतं. परुळेकर सरांनी विचारलं, "काय मेस्त्री, दिसला का?"

"दिसलो तर," बाबल मेस्त्री मोठ्यानं म्हणाले. "बाईंनी दाखवल्यानी."

आणि सगळ्या पटांगणानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.